वाद आहेतच, पण तुम्ही छापलेत ते नव्हेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत बायकांच्या सायकल रेसवर जवळजवळ अर्धं पान दिलंत त्याबद्दल आधी आभार. क्रीडापानावर क्रिकेट आणि उरलेल्या जागेत पुन्हा क्रिकेट असं चाललेलं असताना टूर द फ्रान्स फामचं, म्हणजे बायकांच्या टूर द फ्रान्सचं, नाव तरी दिसलं. पण मजकूर वाचला आणि डोकं तापलं, म्हणून लिहायला बसले. तुमच्या लेखावरून असं वाटतं की या रेस म्हणजे एक जण लघवीला थांबली तर दुसरी पळाली, एक पडली तर मैत्रिणींनी वळूनही पाहिलं नाही, आणि शेवटी चार सेकंदांवरून रडारड. खिलाडूवृत्ती, सभ्यता, हे शब्द पानभर. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याला तुम्ही वाद म्हणून छापलंत तो साधा डावपेच आहे, आणि खरा वाद जिथे आहे तिथे तुमच्या लेखात दीड ओळ.

आधी ती लघवीची गोष्ट घेऊ, कारण लोकांना तीच लक्षात राहते. २०२३ ची ला व्हुएल्टा फेमेनिना, म्हणजे स्पेनमधली बायकांची अनेक दिवसांची रेस, रोज एक टप्पा (स्टेज) आणि सगळ्या टप्प्यांचा वेळ मिळून जिचा सगळ्यात कमी ती जिंकली. सहावा टप्पा, लारेदोला संपणारा. एकूण वेळेत पुढे असणारीची लाल जर्सी डेमी व्होलरिंगकडे, तिची टीम एसडी वर्क्स. ती रस्त्याच्या कडेला थांबली आणि तेवढ्यात पुढे मोव्हिस्टार टीमने जोर लावला, वारा आडवा होता, घोळका फुटला, व्होलरिंग मागच्या तुकड्यात अडकली आणि त्या दिवशी एक मिनिटाहून जास्त वेळ गमावून बसली. लाल जर्सी गेली मोव्हिस्टारच्या अॅनेमिक फान फ्ल्यूटेनकडे. दुसऱ्या दिवशी लागोस दे कोवादोंगाच्या चढावर व्होलरिंगने स्टेज जिंकली, फरक कापत कापत आणला, तरी नऊ सेकंद उरलेच. फान फ्ल्यूटेन व्हुएल्टा जिंकली नऊ सेकंदांनी. मोव्हिस्टारचं म्हणणं होतं की त्या जागी वारा आडवा येणार हे माहीत होतं आणि तिथेच हल्ला करायचं आधीच ठरलं होतं, व्होलरिंग थांबली म्हणून नाही. एसडी वर्क्सवाले अर्थातच चिडले.

आता मला सांगा यात चुकलं कोणाचं? लीडर थांबली असेल तर हल्ला करायचा नाही हा पेलोटॉनचा, म्हणजे रेसमधल्या घोळक्याचा, जुना अलिखित नियम आहे, मान्य, पण तो तेव्हाच चालतो जेव्हा रेस निवांत चाललेली असते. वाऱ्याचा पट्टा समोर आहे हे टीमकारमधल्या सगळ्यांना दिसत असताना लीडरला तिथे थांबू देणं ही गाडीतून टीम चालवणाऱ्या डायरेक्टरची चूक आहे, त्यात नैतिकता वगैरे कुठून आली? बाकी बायकांना थांबायचं म्हणजे किती खटाटोप असतो हे लेख लिहिणाऱ्या गृहस्थांना माहीत नसावं. बिब शॉर्ट्सला खांद्यावरून पट्टे असतात, बऱ्याच वेळा आधी जर्सी उतरवायची मग पट्टे, मग आडोसा, आणि सगळं परत चढवून सायकलवर. पुरुष चालत्या सायकलवरूनसुद्धा उरकतात. इंदूर-ओंकारेश्वर रस्त्यावर ज्या बाईने कधी प्रवास केलाय तिला हे वेगळं सांगायला नको. म्हणून कुठे थांबायचं हा बायकांच्या रेसमध्ये डावपेचाचाच भाग होऊन बसतो.

आणि आडवा वारा म्हणजे काय ते बघायचं असेल तर मे महिन्यात सकाळी आमच्या इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर या. रुंद मोकळा रस्ता, मेट्रोचे खांब, बाकी लांबपर्यंत मोकळंच. आमचा सात-आठ जणांचा ग्रुप असतो, त्यात माझी भाची सगळ्यात तयारीची. वारा समोरून असेल तर एकामागे एक सरळ रांग, मागच्याला आराम. पण डावीकडून झोंबायला लागला की आडोसा पुढच्याच्या मागे राहत नाही, तो सरकतो उजवीकडे, म्हणून प्रत्येकाने पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी थोडं उजवीकडे यायचं, अशी तिरकी रांग बनते. आता रस्ता कितीही रुंद असला तरी संपतोच. ज्यांना रांगेत जागा मिळाली ते वाचले, ज्यांना नाही ते रस्त्याच्या काठावर एकटे वारा खात बसतात आणि पाच मिनिटांत दिसेनासे होतात. मी त्या काठावरच्यांपैकी. भाची एकदा मागे वळून ओरडली, "मावशी, कोपर आत घे आणि चाक सोडू नकोस," आणि मी चाक सोडलंच, मग एकटीच हळूहळू गेले. या तिरक्या रांगेला रेसमध्ये एशलॉन म्हणतात. मोव्हिस्टारने तेच केलं, फक्त आमच्यासारखं नाष्ट्याच्या आशेने नाही.

आमच्याच ग्रुपमधले एक दादा म्हणाले, "ताई तुम्ही कायपण म्हणा, थांबायला पाहिजे होतं." मी त्यांना दीप्ती शर्माची आठवण करून दिली. सप्टेंबर २०२२, लॉर्ड्स, शेवटची विकेट, चार्ली डीन क्रीजबाहेर आणि दीप्तीने तिला नॉन-स्ट्रायकर एंडला रनआऊट केलं. तेव्हा हेच दादा छाती फुगवून सांगत होते की नियमात बसतं ते बरोबर, इंग्रजांनी आम्हाला शिकवू नये. बरोबरच होतं. मग मोव्हिस्टारसाठी वेगळा न्याय का? क्रिकेटवाल्यांनी निदान तो नियम 'अनफेअर प्ले'मधून काढून साध्या रनआऊटमध्ये टाकला, वाद मिटवला. सायकलिंगमध्ये अजून सगळं कुजबुजीवर चालतं, आणि माझा अंदाज असा की पुरुषांनी केलं की त्याला चाणाक्षपणा म्हणतात आणि बायकांनी केलं की संस्कार आठवतात.

आता चार सेकंद. २०२४ ची टूर, रॉटरडॅमहून सुरू, आल्प द्युएझवर शेवट. पाचवा टप्पा आम्नेव्हिलला, व्होलरिंग टूरमधल्या आघाडीच्या पिवळ्या जर्सीत, शेवटचे सहाएक किलोमीटर राहिले आणि ती पडली, बरेच जण पडले. ती उठून येईपर्यंत १ मिनिट ४७ सेकंद गेले. पुढे स्टेज कोणी जिंकली तर ब्लांका वाशने, म्हणजे व्होलरिंगच्याच टीममधली. तुमच्या लेखात हीच ती गद्दार मैत्रीण. संघाकडून सांगितलं गेलं की रेडिओवर पुढे नीट काही कळलंच नव्हतं. समजा कळलं नव्हतं. पण लेखात जे नाहीये ते सांगते: त्या दिवशी दुसरी आली कासिया निएवियादोमा, आणि टप्प्यात पहिल्या तिघींना १०, ६ आणि ४ सेकंदांचा बोनस मिळतो, म्हणजे एकूण वेळेतून तेवढे वजा. वाशने जिंकून निएवियादोमाला दहाऐवजी सहावर रोखलं, म्हणजे तिने स्वतःच्या लीडरचे चार सेकंद वाचवलेच की! अर्थात ती आणि बाकीच्या टीममेट्स मागे येऊन व्होलरिंगला ओढत नेत्या तर चारापेक्षा कितीतरी जास्त वाचले असते हेही खरं, आणि एवढ्या तगड्या टीमची लीडर शेवटचे किलोमीटर जवळपास एकटी खेचतेय हे बघवत नव्हतं. टीमची ती घोडचूकच होती. पण घोडचूक आणि दगाबाजी यात फरक आहे आणि तो फरक पेपरने करायचा असतो.

शेवटच्या दिवशी निएवियादोमाकडे व्होलरिंगवर १ मिनिट १५ सेकंदांची आघाडी. व्होलरिंगने ग्लाँदाँच्या चढावरच, म्हणजे पन्नासएक किलोमीटर बाकी असताना, हल्ला केला. तिच्या चाकाला चिकटून राहिली एकटी पॉलिएना रोइयाकर्स, फेनिक्स टीमची. ग्लाँदाँ उतरल्यावर आल्प द्युएझच्या पायथ्यापर्यंत जी दरी आहे तिथे मी मोबाइल हातात धरून अक्षरशः उभी होते. व्होलरिंग हाताने खुणा करतेय की पुढे ये, वाटून घेऊ, आणि रोइयाकर्स नाहीच म्हणतेय. मागे निएवियादोमाचं नशीब असं की लुसिंडा ब्रांट तिच्या टीमची नसूनही तिथे होती आणि ती आपल्या टीमच्या गाया रेआलिनीसाठी जीव तोडून खेचत होती, त्याचा फायदा आपोआप निएवियादोमाला. मग २१ वळणांचा तो चढ. व्होलरिंग स्टेज जिंकली, निएवियादोमा १ मिनिट १ सेकंदाने मागे आली. त्यात बोनसचे १० धरा, झाले १ मिनिट ११. आघाडी होती १ मिनिट १५ ची. उरले चार. पुरुषांची बायकांची सगळी धरून टूर द फ्रान्सच्या इतिहासातला सगळ्यात कमी फरक.

रोइयाकर्सला लोकांनी जळूपासून काहीही म्हटलं. पण ती एकूण यादीत तिसरी आली, फक्त दहा सेकंदांनी मागे! म्हणजे तिलाही पिवळी जर्सी दिसत होती. तिने दरीत काम केलं असतं तर निएवियादोमा दोघींच्याही मागे पडली असती असं मला वाटतं, पण मग आल्प द्युएझवर व्होलरिंग ताजीतवानी आणि ही थकलेली, काय उपयोग? चाकामागे बसून ताकद वाचवायची आणि शेवटी डाव टाकायचा असा तिचा हिशोब. फसला तो. पण हिशोब होता, लबाडी नव्हती. हे सगळं तुमच्या लेखात एका वाक्यात गुंडाळलंय, "सहकार्य नाकारले" म्हणून. अहो ती दुसऱ्या टीमची आहे!

लिहिलेला नियम मोडला तर शिक्षा होते आणि व्हायलाच हवी, त्यात माझी तक्रार नाही. २०२३ च्या टूरमध्ये पंक्चरनंतर व्होलरिंग टीमकारच्या मागे आडोसा घेऊन परत आली म्हणून तिला २० सेकंदांची पेनल्टी बसली आणि तिचा डायरेक्टर डॅनी स्टॅम, गाडी हाकणं आणि वर मीडियात रेसच्या पंचांवर तोंडसुख घेणं, दोन्हीबद्दल रेसबाहेर. ती टूर व्होलरिंग जिंकलीच.

आता जिथे तुमची दीड ओळ आहे तिथे येते. ऑगस्ट २०२५, टूर द रोमँडी, बायकांची, स्वित्झर्लंडमध्ये. रेस सुरू व्हायच्या आधीच पाच टीम अपात्र. कॅन्यन-स्रॅम, ईएफ, लिडल-ट्रेक, पिकनिक पोस्टएनएल आणि व्हिस्मा. कारण? यूसीआयला, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेला, जीपीएस ट्रॅकरची चाचणी करायची होती, प्रत्येक टीमने आपली एक रायडर निवडून तिच्या सायकलवर तो लावायचा. टीम म्हणाल्या रायडर तुम्ही निवडा, डबी तुम्ही लावा, जबाबदारी तुमची. यूसीआय म्हणालं नाव नाही दिलंत तर घरी जा. आणि गेल्या! पाच टीमच्या मुली सामान बांधून तयार असताना रेसबाहेर झाल्या, त्यांनी स्वतः काहीही केलेलं नसताना.

हा ट्रॅकर आला कशामुळे ते छापायला हवं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये झुरिचच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये मुरिएल फुरर ही अठरा वर्षांची स्विस ज्युनियर पावसात, जंगलातल्या उतारावर पडली आणि बराच वेळ कोणाला पत्ताच लागला नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली. वर्ल्ड्सला रायडरच्या कानात रेडिओही नसतो. त्यानंतर सगळे म्हणाले ट्रॅकर हवा. मग वर्षभराच्या आत तोच ट्रॅकर कोणी लावायचा, डेटा कोणाचा, पैसा कोणाचा यावर संघटना आणि टीम एकमेकांची कॉलर धरतात, आणि तेही कुठे, तर बायकांच्या रेसमध्ये. पुरुषांच्या टूरमध्ये पाच मोठ्या टीम सुरुवातीच्या रेषेवरून परत पाठवायची हिंमत यूसीआयने केली असती का? मला तरी वाटत नाही. माझी भाची महूजवळच्या जाम घाटाच्या उतारावर एकटी जाते तेव्हा घरी लोकेशन शेअर करून जाते, फोनवर, फुकट. इथे मात्र जगातल्या सगळ्यात मोठ्या टीम आणि संघटना एका डबीवर अडून बसतात, आणि तुम्ही म्हणता "तांत्रिक कारणावरून अपात्र".

दुसरा खरा वाद वजनाचा. २०२५ ची टूर पॉलिन फेराँ-प्रेव्होने मादलेनच्या चढावर सगळ्यांना सोडून जिंकली, फ्रेंचांना अत्यानंद. तिने लपवलं नाही, टूरसाठी चारेक किलो उतरवले आणि हे कायम करण्यासारखं नाही असं स्वतःच सांगितलं. नियमात बसतं सगळं. तरीही मला हे ऐकून अस्वस्थ वाटलं, कारण पंधरा-सोळाच्या मुली हेच वाचणार आणि पोहे सोडणार. पुरेसं न खाता ट्रेनिंग केलं की पाळी थांबते, हाडं कमजोर होतात, हे कुठल्याही स्पोर्ट्स डॉक्टरला विचारा. यावर एक चांगला लेख द्या की, त्याला अर्धं काय, पूर्ण पान द्या.

पैशांचं आणि टीव्हीचं तर तुम्ही काही लिहिलंच नाहीत. २०२२ मध्ये फान फ्ल्यूटेनला टूर जिंकल्याचे ५० हजार युरो मिळाले, पुरुष विजेत्याला ५ लाख. इटलीतला बायकांचा जिरो २०२० मध्ये पुरेसं लाइव्ह दाखवू शकला नाही म्हणून पुढच्या वर्षी वर्ल्ड टूरमधूनच, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीतूनच, खाली उतरवला गेला. शिक्षा आयोजकांना, पण पॉइंट गेले रायडर्सचे.

२०२६ ची टूर १ ऑगस्टला लोझानहून निघून ९ ला नीसला संपणार आहे, मध्ये व्हेंटूचा चढ आहे. तेव्हा रोजच्या बातमीत फक्त स्टेज कोणी जिंकली एवढंच न देता एकूण यादीतल्या पहिल्या पाच जणींचा वेळेचा फरक आणि त्या दिवसाचे बोनस सेकंद छापा एवढी विनंती आहे, दोन इंचाची जागा लागेल. आणि कोणाला लिहायला माणूस मिळत नसेल तर रविवारी सकाळी सहाला सुपर कॉरिडॉरवर पाठवून द्या, साडेआठला आम्ही पोहे-जिलेबीवर असतो, सगळं समजावून सांगू.

आपली,
एक नियमित वाचक
रामबाग, इंदूर