पहिल्या फटक्यात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत मेकॅनिकलच्या एका विद्यार्थ्याच्या घरच्या वर्कशॉपवर पानभर लेख आला आहे. त्याने बनवलेल्या वस्तूंची यादी वाचून हेवा वाटला, हे आधीच कबूल करतो. खटकलं ते एकच. म्हणे सगळं पहिल्याच फटक्यात जमलं. हे त्या मुलाने सांगितलं असेल असं मला वाटत नाही. ज्याने एकदा तरी लेथवर, म्हणजे धातू फिरवत कातायच्या यंत्रावर, जॉब धरलाय, त्याच्या तोंडून हे वाक्य निघणार नाही. ते लेखकाच्या पदरचं असावं.

आमच्या गटाचा प्रोजेक्ट होता पेडलवर चालणारा पंप. त्याच्या शाफ्टवर ६२०४ नंबरचं बेअरिंग बसवायचं होतं, म्हणजे आतला व्यास २० मिमी. घट्ट बसायचं तर शाफ्ट २०.००२ ते २०.०१५ च्या मध्ये हवा. पुस्तकात याला के-६ म्हणतात. परीक्षेत हा प्रश्न आला होता आणि माझं उत्तर बरोबर होतं! वर्कशॉपमध्ये मी शाफ्ट २०.१० वर आणला, उरलेले ०.१० काढायला टूल आत सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडचा डायल ०.१० ने फिरवला आणि मोठ्या ऐटीत शेवटचा कट मारला. टूल जेवढं आत जातं, त्याच्या दुप्पट व्यास कमी होतो. काही लेथचा डायल थेट व्यासच दाखवतो; आमचा दाखवत नव्हता. व्यास भरला १९.९०. बेअरिंग शाफ्टवर सोडलं, ते घसरत थेट खाली जाऊन टेकलं.

एक मित्र म्हणाला, शाफ्टवर पंचने टिपके मार, धातू वर उचलला जाईल आणि बेअरिंग धरेल. धरतंही, प्रेझेंटेशनच्या दिवसापुरतं. मी दुसरा रॉड चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या जबड्यात, धरला. या वेळी डायलकडे डोळ्यांत तेल घालून पाहिलं, पण कट झाल्या झाल्या, हाताला चटका बसत असतानाच मायक्रोमीटर लावला. माप बरोबर आलं. थंड झाल्यावर पाहिलं तर शाफ्ट पुन्हा बारीक. २० मिमीचं पोलाद ४० अंशांनी तापलं की व्यास साधारण ०.०१ मिमीने फुगतो. इथे आमच्या हातात सगळी मिळून ०.०१३ मिमीची मोकळीक! तिसरा शाफ्ट बसला. त्यावर बेअरिंग आतल्या रिंगवर नळी टेकवून ठोकत चढवलं, बाहेरच्या रिंगवर घाव घातला नाही. तेवढी अक्कल एव्हाना आली होती.

हे सगळं मी रिपोर्टमध्ये लिहिलं. दोन पानं, तिन्ही शाफ्टच्या मापांसकट. गाइड सरांनी चाळलं आणि म्हणाले, "ही पानं काढ. एक्स्टर्नल परीक्षकांना आपली चूक आपणच कशाला दाखवायची?" त्या जागी पंपाचा इतिहास आला, जो कुणीही वाचला नाही. एक्स्टर्नल सरांनी पेडल दोनदा फिरवलं आणि विचारलं, रंग का नाही दिला? पहिले दोन शाफ्ट अजून माझ्या खणात आहेत.

आता तेच काम आपल्या वर्तमानपत्राने केलं, फक्त अधिक गुळगुळीत कागदावर. त्या मुलाच्या टेबलाखालच्या खोक्यात आटे पाडायचे किती मोडके टॅप आणि किती वाकडे थ्री-डी प्रिंट पडलेत, हे विचारायला काय हरकत होती? मी तरी लेख त्यासाठीच वाचला असता.

थ्री-डी प्रिंटर आल्यामुळे आता लेथची गरज उरली नाही, असंही लेखात आहे. प्रिंटर मीही वापरतो, मला आवडतो. पण पीएलए या प्रिंटरच्या नेहमीच्या प्लास्टिकचा गिअर तापलेल्या मोटरला खेटून बसवून पाहा. साधारण ६० अंशांना ते प्लास्टिक मऊ पडायला लागतं आणि दात मान टाकतात. आमच्या गिअरने तर डेमो चालू असतानाच टाकली.

जाता जाता फोटोबद्दल. लेथ चालू आहे, मुलगा हसतोय आणि त्याच्या हातात जाडजूड हातमोजे आहेत. फिरत्या चकजवळ हातमोजे घालत नाहीत, साहेब. मोजा अडकला तर एकटा जात नाही, सोबत हातही नेतो. चष्मा मात्र कपाळावर आहे. पहिल्या वर्षाच्या मुलाने असा अवतार केला, तर लॅब असिस्टंट त्याला दाराबाहेर उभा करतील. आपण तो चार कॉलम रंगीत छापलात. फोटोग्राफरने आग्रह केला असणार, त्या मुलाला मी दोष देत नाही.

पत्र छापलंत तर ते दोन शाफ्टचं कापू नका. पान कापून घ्यायची माझी हौस फिटली आहे.

आपला,
मेकॅनिकलचा एक विद्यार्थी, शेवटचं वर्ष
(नाव छापू नये. प्रोजेक्टचे मार्क अजून लागायचे आहेत.)