स्टोअरवाल्यांबद्दल पण कधीतरी छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय, कापायचं असेल तर कापा, पण नागपूरचं तेवढं ठेवा.

२६ जानेवारीला आमच्या सोसायटीत झेंडावंदनानंतर माजी सैनिकांचा सत्कार होता. आमच्या विंगमधले काका एअरफोर्समधून रिटायर झालेत (सख्खे नाहीत, पण लहानपणापासून काकाच म्हणतो), त्यांना पहिल्या खुर्चीवर बसवलं. माइकवाल्या पोराने विचारलं, काका, तुम्ही कुठलं विमान उडवायचात? काका म्हणाले, मी स्टोअरला होतो. झालं, पोराचा चेहरा पडला, 'जोरदार टाळ्या' म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला. काकांना काही नाही, ते वडापाव खात बसले, मला मात्र लागलं म्हणून हे पत्र.

त्या पोराची तरी काय चूक म्हणा. तुम्ही लोक राफेल आलं की पानभर फोटो छापता, पण ते विमान दहा वर्षांनी उडायचं असेल तर त्याचा टायर, रबरी सील, नटबोल्ट कुठून येतात, कोण मागवतं, कोण सांभाळतं, यावर मी तरी तुमच्या पेपरात कधी दोन ओळी वाचल्या नाहीत. आणि गंमत म्हणजे हे सगळं चालवणारं ऑफिस आपल्याच राज्यात आहे. हवाईदलाच्या एकूण सात कमांड, त्यातल्या पाच लढाईच्या, एक ट्रेनिंगची बंगळुरूला आणि एक मेंटेनन्स कमांड, ती नागपूरला, वायुसेनानगरात. १९५५ साली सुरू झाली. विमानांची मोठी दुरुस्ती आणि सगळ्या सुट्या भागांचा साठा हिच्याकडे. नाशिकजवळ ओझरला हिचाच बेस रिपेअर डेपो आहे, तिथे मिग-२९ आणि सुखोई अख्खं उघडतात, तपासतात, परत जोडतात. दर हिवाळ्यात अख्खं सरकार अधिवेशनाला नागपूरला जातं, संत्री घेऊन परत येतं, पण ही कमांड माहीत असलेला माणूस मला मुंबईत फक्त एकच भेटला, तो म्हणजे काका.

काकांच्या वेळी या स्टोअरच्या ब्रँचला इक्विपमेंट म्हणायचे, आता लॉजिस्टिक्स म्हणतात. नोकरीतली बरीच वर्षं ते ओझरला होते. ते सांगतात की सगळ्यात वाईट अक्षरं म्हणजे ए.ओ.जी., म्हणजे विमान जमिनीवर अडकलंय, एका पार्टसाठी. पार्ट कधीकधी एवढासा, वॉशरएवढा. १९९१ ला सोव्हिएत युनियन फुटलं तेव्हा तर वाट लागली होती, कारण एका विमानाचे पार्ट वेगवेगळ्या कारखान्यांतून यायचे आणि ते कारखाने एकदम वेगवेगळ्या देशांत गेले, आता मागवायचं कुणाकडून आणि पैसे द्यायचे कुणाला. मग एका विमानातून काढ, दुसऱ्याला लाव, असं करून दिवस काढले. रबराच्या सीललासुद्धा एक्सपायरी असते हे मला काकांकडूनच कळलं, नुसतं कपाटात पडून राहिलं तरी ते म्हातारं होतं, म्हणून आधी आलेलं आधी बाहेर गेलंच पाहिजे, आणि प्रत्येक खणाला एक बिन कार्ड, आलं किती, गेलं किती, उरलं किती. रिटायर झाल्यावर काकांनी घरी डाळ-तांदळाच्या डब्यांना अशी कार्डं लटकवली होती. काकूंनी आठवडाभर सहन केलं आणि मग त्याच कार्डांच्या मागे दुधाचा हिशोब लिहायला घेतला.

आता यात हसण्यासारखं आहे, मान्य, पण असा मालाचा, रसदीचा हिशोब न सांभाळल्यामुळे काय होतं ते आपल्या मुंबईच्या बंदराने बघितलंय. पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर १९१४ ला इथूनच इंग्रजांच्या फौजेची सहावी पुणे डिव्हिजन इराकमधलं बसरा बंदर घ्यायला निघाली, त्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी, म्हणजे कोकणातली, देशावरची आपलीच पोरं. बसरा घेतलं, तिथून नदीनदीने बगदादच्या तोंडापर्यंत गेली. लढायला कमी पडली नाहीत हो, बोटी कमी पडल्या. त्या देशात रस्ते नव्हते, रेल्वे नव्हती, सगळा माल तैग्रिस नदीतून न्यायचा आणि नदीतल्या बोटी पुरेशा नाहीत, बसऱ्याला धड धक्का नाही, भरलेली जहाजं बाहेर ताटकळत उभी. जखमींचे तर इतके हाल झाले की पुढे लंडनमध्ये चौकशी कमिशन बसलं आणि १९१७ ला ब्रिटिश सरकारातल्या भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनला राजीनामा द्यावा लागला. पण तोपर्यंत ती डिव्हिजन माघार घेऊन कूत गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती, १४७ दिवस. शेवटी घोडे कापून खायची पाळी आली, आपल्या बऱ्याच शिपायांनी आधी ते मांस खायलाच नकार दिला होता. २९ एप्रिल १९१६ ला जवळपास १३ हजार माणसं शरण गेली, भुकेने.

पानिपताचं मी सांगायला नको, तिथे पण अन्न संपलं म्हणून बाहेर पडून लढावं लागलं. फक्त एक योगायोग सांगतो. आपल्या लष्कराचं रसद बघणारं आर्मी सर्व्हिस कोर आपला स्थापना दिवस ८ डिसेंबर १७६० धरतं (कंपनी सरकारच्या वेळचं खातं ते), आणि त्याच डिसेंबरात भाऊसाहेबांची रसद बघणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. पानिपताचं नाव काढलं की विश्वासराव, दत्ताजी सगळे आठवतात, गोविंदपंत कितीजणांना आठवतात?

बरं, आत्ताचं सांगायचं तर १ एप्रिल २०२१ ला आपल्या मुंबईत तिन्ही दलांचं जॉइंट लॉजिस्टिक्स नोड सुरू झालं, जनरल बिपिन रावत उद्घाटनाला आले होते. म्हणजे आर्मी, नेव्ही, एअरफोर्सने एकाच शहरात तीन वेगळे संसार मांडायचे नाहीत, एकमेकांचे साठे, गाड्या वापरायच्या. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, हे आम्ही चहा पिताना कधीपासून बोलत होतो. माझं स्वतःचं मत विचाराल तर तीन खात्यांची लेजरं एकत्र करणं हे राफेल घेण्यापेक्षा अवघड काम असणार, मी स्वतः एका कंपनीच्या स्टोअरमध्ये अठ्ठावीस वर्षं काढलीत, दोन गोडाऊनचा साठा एकदा तरी जुळला असेल तर शपथ.

तर विनंती एवढीच, यंदा तुमचे वार्ताहर अधिवेशनाला नागपूरला जातीलच, त्यांना एक दिवस जास्त द्या आणि वायुसेनानगरला रीतसर परवानगी काढून पाठवा, आणि रविवारच्या पुरवणीत एक पान द्या. काका सोबत यायला तयार आहेत. फक्त तिकीट जाण्याचं की जाऊन-येऊन, तेवढं आधी लेखी कळवा म्हणालेत.

आपला,
एक जुना वाचक
मुलुंड पूर्व, मुंबई