गोदावरीचा आराखडा आपलाच होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नौदल दिनानिमित्त आपण काढलेलं खास पान आमच्या राईस मिलमध्ये सगळ्यांनी मिळून वाचलं. नव्या 'निलगिरी'ची माहिती चांगली दिली आहे. १४९ मीटर लांब, ६,६७० टनांची ही फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, १५ जानेवारी २०२५ ला मुंबईत नौदलात दाखल झाली, हे वाचून छाती भरून आली. पण त्याच लेखात एक वाक्य आहे, की आतापर्यंत आपण परदेशी आराखड्यावरच फ्रिगेट बांधत आलो आणि आता कुठे स्वतःचा आराखडा करू लागलो. मिलमधल्या हमालाचा दहावीतला मुलगा मोठ्यानं वाचत होता. या वाक्यावर तो थांबला आणि मला म्हणाला, "काका, म्हंजे तुमचं जहाज इंग्रजायचं होतं काय जी?"

नाही. आणि हे नाही नीट समजावून सांगावं म्हणून हे पत्र लिहितो आहे. माझं जहाज म्हणजे आयएनएस गोदावरी. तिच्या बॉयलर रूममध्ये मी तीन वर्षं काढली.

आधी माझी ओळख. मी पवनी तालुक्यातला, ढिवराच्या घरचा. वडील वैनगंगेत जाळं टाकत. बारावीनंतर १९८५ साली नौदलात भरती झालो. ओडिशात चिल्काला सुरुवातीचं प्रशिक्षण, मग लोणावळ्याला 'शिवाजी' या नौदलाच्या प्रशिक्षण संस्थेत इंजिनाचं काम शिकलो आणि १९८७ ला गोदावरीवर नेमणूक झाली. घरी पत्र टाकलं. वडिलांना वाचता येत नव्हतं, गुरुजींनी वाचून दाखवलं. सुटीवर गेलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला, "गोदावरी म्हंजे आपल्याच पान्याचं जहाज काय गा?" बरोबरच विचारलं त्यांनी. आमची वैनगंगा चपराळ्याला वर्धेला मिळते, तिथून तिचं नाव प्राणहिता, आणि सिरोंच्याजवळ ती गोदावरीत जाते. भंडाऱ्याचं पाणी समुद्रात पोचतं ते गोदावरी या नावानंच.

आता मुद्द्यावर येतो. घोटाळा होतो तो 'बांधणी' आणि 'आराखडा' या दोन शब्दांत. ३ जून १९७२ ला नौदलात आलेली जुनी निलगिरी मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधली गेली, पण तिची रेखाटनं ब्रिटिश होती. ब्रिटिशांच्या लिएंडर वर्गातलं जहाज आपण त्यांच्या कागदावरून बांधलं. तशी सहा झाली. पण तेव्हाही आपले लोक नुसते गिरवत बसले नव्हते. शेवटच्या दोघी, तारागिरी आणि विंध्यगिरी, यांच्यावर सी किंग हे मोठं हेलिकॉप्टर बसावं म्हणून मागची बाजू पुष्कळ बदलली. गोदावरीची तयारी तिथंच सुरू झाली होती असं मी मानतो.

नौदलाला हवं होतं ते असं: पुढच्या डेकवर जहाजावर मारा करणारी चार रशियन क्षेपणास्त्रं, विमान पाडणारी वेगळी क्षेपणास्त्रं, तोफा, आणि मागे एक नाही तर दोन सी किंग. लिएंडरच्या सांगाड्यात हे मावत नाही. तेव्हा कॅप्टन एन. एस. मोहन राम यांच्यासारख्या नौदलाच्याच जहाज-स्थापत्यकारांनी नवा सांगाडा आखला. मूळ लिएंडरचं, हे मी लपवत नाही. पण ११३ मीटरचं जहाज १२६ मीटरचं झालं, रुंदी १३ वरून साडेचौदा मीटर झाली आणि भरल्या जहाजाचं वजन सुमारे २,९६० टनांवरून ३,८५० वर गेलं. चार हजार टनांच्या आतल्या जहाजावर दोन सी किंग ठेवणं ही साधी गोष्ट नव्हे.

त्यात सामान चार देशांचं. क्षेपणास्त्रं रशियन, ती सगळी माहिती जुळवणारा संगणक इटालियन, लांबचं पाहणारं रडार डच घराण्याचं, इंजिन ब्रिटिश पद्धतीचं. रशियन यंत्रांना लागणारी वीज वेगळी, बाकीच्यांना लागणारी वेगळी. या सगळ्यांना एका पोटात नांदवायचं काम कुठल्याही परदेशी कागदावर लिहिलेलं नव्हतं. ते इथंच बसून सोडवलं गेलं.

एक गोष्ट मला फार आवडते. जहाज जवळजवळ ९०० टनांनी जड झालं, पण इंजिन तेच राहिलं: दोन बॉयलर, दोन स्टीम टर्बाईन, ३०,००० अश्वशक्ती. मला वाटायचं, मग वेग पार घसरला असणार. लिएंडर २८ नॉटची, म्हणजे ताशी २८ सागरी मैलांची, आणि गोदावरी २७ ची. एवढाच फरक. हे मी वडिलांना सांगितलं, त्यांना काही नवल वाटलं नाही. म्हणाले, "लांबा डोंगा हलका चालते." पुढं आमच्या एका इंजिनिअर साहेबांनी हीच गोष्ट कागदावर काढून समजावली. जहाजाची बरीच ताकद स्वतःच उठवलेल्या लाटेत खर्च होते. पाण्यातली लांबी वाढली की त्याच वेगाला लाट कमी उठते, म्हणून जास्तीचं वजन ओढायला ताकद उरते. डोंगा कोरणाऱ्या आमच्या म्हाताऱ्यांना हे हातानं ठाऊक होतं. नौदलाच्या स्थापत्यकारांनी ते गणितानं काढलं. परदेशी आराखडा जसाच्या तसा उचलणाऱ्याला हे करावंच लागलं नसतं.

गोदावरीचा तळ २ जून १९७८ ला माझगाव डॉकमध्ये घातला, १५ मे १९८० ला ती पाण्यात उतरली आणि १० डिसेंबर १९८३ ला नौदलात दाखल झाली. भारतात आखलेली आणि भारतातच बांधलेली ही पहिली क्षेपणास्त्रवाहू फ्रिगेट. तिच्यामागून गंगा १९८५ ला आणि गोमती १९८८ ला आली.

आता बॉयलर रूमचं थोडं सांगतो, कारण ते कुणी छापत नाही. विदर्भातल्या माणसाला उन्हाचं कौतुक नसतं, मे महिन्यात आम्ही बांधावर उभे राहतोच. पण तिथल्या उकाड्यात वारा नाही, सावली नाही आणि पायाखालची लोखंडी जाळीसुद्धा तापलेली. बॉयलरमधली वाफ चौरस इंचाला साडेपाचशे पौंड दाबाची. मी आज ज्या बॉयलरवर आहे तो धानाच्या तुसावर चालतो आणि उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळासाठी चौरस सेंटीमीटरला दहा किलोच्या दाबावर वाफ देतो. जहाजावरचा दाब याच मापात अडतीस-एकोणचाळीस किलो व्हायचा. वॉच, म्हणजे पाळी, चार तासांचा. डोळा पाण्याच्या काचेवर, हात बर्नरवर, आणि फनेलकडे, म्हणजे धुराड्याकडे, जाणारा धूर पाहायला आरशाची सोय. हवा कमी पडली की धूर काळा, जास्त झाली की पांढरा. काळा धूर म्हणजे शत्रूला आपण होऊन पत्ता देणं. धूर दिसतच नाही अशी आग ठेवणारा खरा गडी.

आणि पाणी. बॉयलरला समुद्राचं पाणी चालत नाही, ते आधी उकळून, वाफ थंड करून गोडं करावं लागतं. टर्बाईनमधून आलेली वाफ कंडेन्सरमध्ये पुन्हा पाणी होते आणि तेच पाणी परत बॉयलरला जातं. कंडेन्सरच्या बारीक नळ्यांमधून समुद्राचं पाणी खेळत असतं. त्यातली एक जरी नळी गळली तरी मीठ बॉयलरपर्यंत जातं आणि आतलं पोलाद खातं. अरबी समुद्रात एका रात्री खारटपणा दाखवणारा काटा चढला. एका बाजूचं टर्बाईन बंद केलं, दुसऱ्या बाजूवर जहाज चालू ठेवलं आणि आम्ही चौघं कंडेन्सरची झाकणं खोलून आत शिरलो. नळ्यांच्या तोंडांवर साबणाचा फेस लावायचा. गळकी नळी हवा आत ओढते, तिथला फेस खचतो. पहाटेपर्यंत दोन नळ्या सापडल्या, दोन्ही तोंडांना बूच मारले, झाकण बसवलं. जहाजावर गोड्या पाण्याची ओढ पडली की बॉयलर आधी प्यायचा, मग आम्ही. अंघोळीचं पाणी कापलं म्हणून आमच्या मेसमध्ये कुणी तक्रार केलेली मला आठवत नाही.

नोव्हेंबर १९८८ ला मी जहाजावर होतो. ३ तारखेला भाडोत्री बंदूकधाऱ्यांनी मालदीवची राजधानी माले धरली. त्याच रात्री आपले पॅराट्रूपर आग्र्याहून विमानानं हुलहुले बेटावर उतरले. पळणारे लोक प्रोग्रेस लाईट नावाचं मालवाहू जहाज ओलिसांसकट घेऊन श्रीलंकेच्या दिशेनं निघाले. त्यांना अडवायला गोदावरी आणि आपली दुसरी युद्धनौका बेटवा गेल्या. ६ तारखेला ते शरण आले, ओलिसांना सोडवलं, पण त्यांच्यातल्या काहींचा जीव त्याआधीच गेला होता. वर काय चाललं होतं ते मी पाहिलं नाही. आमच्यापर्यंत पोचले ते फक्त टेलिग्राफवर, म्हणजे वरून वेगाचे हुकूम देणाऱ्या यंत्रावर, बदलत जाणारे आकडे: वाढवा, कमी करा, पुन्हा वाढवा. प्रत्येक आकड्याला बर्नर लावायचा किंवा काढायचा आणि दाब हलू द्यायचा नाही. त्या चार दिवसांत आमचा दाब हलला नाही. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगतो.

माझ्याआधी आणि माझ्यामागे तिनं बरंच केलं. जुलै १९८६ ला स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या शताब्दीला न्यूयॉर्कच्या संचलनात भारतातर्फे गोदावरी उभी होती. मुंबईहून तिथवर ती आपल्या वाफेवर गेली. १९९४ च्या डिसेंबरात सोमालियातून आपली ब्रिगेड परत आणताना गंगा आणि शक्ती या जहाजांबरोबर ती होती. जून २०११ ला समुद्री चाच्यांच्या तावडीतून सुटलेल्या एमव्ही सुएझ या जहाजाच्या रक्षणाला ती एडनच्या आखाताकडे गेली, त्या जहाजावर आपले सहा खलाशी होते. तेव्हा पाकिस्तानची बाबर ही फ्रिगेट तिला घासून गेली आणि भारतानं निषेध नोंदवला. ती बातमी मी मिलमध्ये वाचली आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. फाळणीत जुन्या नौदलाची याच नावाची दुसरी गोदावरी पाकिस्तानच्या वाट्याला गेली होती आणि तिचं नाव सिंध झालं होतं, हे मला लोणावळ्याला शिकवलेलं तेव्हा आठवलं.

२३ डिसेंबर २०१५ ला मुंबईत गोदावरी निवृत्त झाली. ३२ वर्षं. मला जाता आलं नाही, धानाचा हंगाम जोरात होता आणि बॉयलर सोडून जाण्यासारखं नव्हतं. त्याची खंत आहे. गोमती २८ मे २०२२ ला निवृत्त झाली तेव्हा लखनौला गोमतीच्या काठी तिच्या आठवणींचं खुलं संग्रहालय करायचं ठरलं. असं काही सिरोंच्याला किंवा आमच्या पवनीला वैनगंगेच्या काठी व्हावं असं वाटतं. पण ती मोठ्या लोकांची कामं आहेत.

माझी मागणी लहान आहे. आपण दुरुस्ती छापावी. १९७२ ची निलगिरी: बांधणी आपली, आराखडा ब्रिटिश. १९८३ ची गोदावरी: बांधणी आपली आणि आराखडाही आपला. नवी निलगिरी मोठी आहे, तिच्यावर ब्राह्मोस आहे, तिला वाफेची गरज नाही. तिचा मला अभिमान आहेच. पण ज्यांनी चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी गोदावरीचा सांगाडा आखला, ते शिकाऊ नव्हते. त्यांचं काम आम्ही समुद्रात चालवून पाहिलं आहे. आणि वैनगंगेच्या काठच्या पोरांना नौदल म्हणजे कोकणातल्या लोकांचं काम वाटतं. गोदावरीच्या बॉयलर रूममध्ये माझ्या वॉचला आम्ही दोघं मराठी होतो, एक रत्नागिरीचा आणि एक मी.

दुरुस्ती छापून आल्यास त्या अंकाच्या दोन प्रती जास्तीच्या पाठवाव्यात ही विनंती. त्यांचे पैसे मी वार्ताहराकडे देईन. एक त्या दहावीतल्या मुलाला द्यायची आहे, दुसरी रत्नागिरीला पाठवायची आहे.

आपला,
एक निवृत्त नौसैनिक, सध्या बॉयलर अटेंडंट
ता. पवनी, जि. भंडारा