जेलीफिन बसवणे सोपे. मराठी संग्रह त्यात बसवताना…

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

२९ एप्रिल २०२५ पासून घरच्या यंत्रावरचे चित्रपट टीव्ही-मोबाइलवर दाखवणाऱ्या प्लेक्स या सॉफ्टवेअरने घराबाहेरून स्वतःचाच सर्व्हर (म्हणजे ते यंत्र) पाहायला पैसे लावले आणि त्याच दिवशी कायमच्या पासची किंमत ११९.९९ डॉलरवरून २४९.९९ डॉलरवर नेली. तेव्हापासून ‘दुसरे काय आहे?’ हा प्रश्न वाढला आहे. त्याचे उत्तर बहुतेकांना ठाऊक असते: जेलीफिन, त्याच कामाचे फुकट सॉफ्टवेअर. पण बरेच जण ते बसवतात, आठवडाभर झगडतात आणि ‘फुकटचे ते फुकटचेच’ म्हणून काढून टाकतात. दोष बहुधा सॉफ्टवेअरचा नसतो. फोल्डरच्या परवानग्या, फाइलींची नावे आणि ट्रान्सकोडिंग (टीव्ही किंवा ब्राउझरला झेपेल अशा रूपात व्हिडिओ बदलून पाठवणे) या तीन ठिकाणी घोडे अडते. जुन्या मराठी नाटकांच्या व्हीसीडी असलेल्या घरांत चौथी भानगड असते. तिच्याबद्दल कुठे फारसे लिहिलेले दिसत नाही, म्हणून हे पत्र जरा लांबले आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. एम्बी या अशाच सॉफ्टवेअरने डिसेंबर २०१८ मध्ये आपला खुला कोड बंद केला, तेव्हा शेवटच्या खुल्या आवृत्तीवरून काही जणांनी वेगळी चूल मांडली. तेच जेलीफिन. परवाना जीपीएल (कोड कोणालाही वापरू-बदलू देणारा), दुसरी आवृत्ती. यात पैसेवाला वेगळा दर्जाच नाही. ग्राफिक्स चिपच्या मदतीने व्हिडिओ बदलणे प्लेक्स आणि एम्बीमध्ये सशुल्क आहे, इथे ते सर्वांना खुले आहे. खाती आणि पासवर्डही आपल्याच यंत्रावर राहतात. प्लेक्सची खाती कंपनीच्या सर्व्हरवर असतात, आणि ऑगस्ट २०२२ व सप्टेंबर २०२५ अशा दोन वेळा माहिती फुटल्यामुळे ग्राहकांना पासवर्ड बदलायला सांगावे लागले होते.

यंत्र फार मोठे लागत नाही. इंटेल एन१०० चा मिनी पीसी, ८ जीबी रॅम, प्रणाली आणि जेलीफिनच्या डेटासाठी २५६ जीबीची एसएसडी, आणि संग्रहासाठी वेगळी ४ टीबीची हार्ड डिस्क एवढ्यात घर भागते. असा पीसी रिकामा असताना साधारण १० वॅट खातो, म्हणजे चोवीस तास चालू ठेवला तरी महिन्याला सुमारे ७ युनिट. अडगळीतला जुना डेस्कटॉप ६० वॅट खात असेल तर तेच ४३ युनिट होतात, तेव्हा ‘घरात पडलेला आहे’ हे कारण वर्षभराच्या बिलात महाग पडते. रास्पबेरी पाय ५ मात्र या कामाला घेऊ नये. त्यात एच.२६४ या नेहमीच्या प्रकारातला व्हिडिओ तयार करणारी चिपच नाही. फाइल जशीच्या तशी टीव्हीला द्यायची असेल तरच तो चालेल.

पहिला घोळ डिस्क जोडतानाच होतो. डेस्कटॉपवर यूएसबी डिस्क लावली की लिनक्स (यंत्रावर हीच प्रणाली आहे असे धरतो) ती त्या वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरखाली आपोआप जोडते. त्या फोल्डरात दुसऱ्या कोणाला शिरता येत नाही, आणि जेलीफिन तर ‘जेलीफिन’ याच नावाचा स्वतंत्र वापरकर्ता म्हणून चालतो. परिणाम असा की लायब्ररी तयार होते, स्कॅन पूर्ण होतो आणि आत एकही चित्रपट दिसत नाही. पडद्यावर चूक दाखवली जात नाही. मग लोक फाइलींना परवानग्या देत बसतात. बंद असतो तो वरच्या मजल्याचा दरवाजा. डिस्क तिच्या यूयूआयडीने (डिस्कचा ओळखक्रमांक) एफएसटॅब या डिस्कांच्या यादीच्या फाइलीत नोंदवून ‘एसआरव्ही’ फोल्डरखाली स्वतंत्र फोल्डरात लावावी आणि सोबत ‘नोफेल’ हा पर्याय लिहावा. तो विसरला आणि एखाद्या दिवशी डिस्कची वायर सैल असली, तर यंत्र सुरूच होत नाही, काळ्या पडद्यावर अडून बसते. डिस्क एनटीएफएस (विंडोजची मांडणी) असेल तर परवानग्या ती जोडतानाच ठरतात. नंतर परवानग्या बदलणारी सीएचमॉड ही आज्ञा कितीही वेळा चालवा, काही बदलत नाही.

प्लेक्स लगेच काढू नये. तो ३२४०० पोर्टवर (यंत्राच्या क्रमांकित दारावर) बसतो आणि जेलीफिन ८०९६ वर, त्यामुळे दोघे एकाच डिस्कवर सुखाने नांदतात. महिनाभर दोन्ही चालू ठेवावेत आणि तोवर जेलीफिनला डिस्क फक्त वाचता येईल एवढीच परवानगी द्यावी.

आता नावे. चित्रपटाचा एक फोल्डर, त्याचे नाव आणि कंसात वर्ष, आत त्याच नावाची फाइल. मालिकेत ‘सीझन ०१’सारखे फोल्डर. हे नियम कुठेही वाचायला मिळतात. मराठीपुरते दोन मुद्दे ध्यानात ठेवावेत. फाइलच्या नावातले वर्ष आणि भागक्रमांक इंग्रजी अंकांतच लिहावेत. दुसरे म्हणजे, लायब्ररीतल्या अक्षरपट्टीवर फक्त ए ते झेड आहे, देवनागरी शीर्षके तिच्यात सापडत नाहीत. शीर्षक देवनागरीतच ठेवावे आणि ‘सॉर्ट टायटल’च्या रकान्यात तेच रोमन लिपीत लिहावे, म्हणजे यादीही नीट लागते आणि पट्टीही चालते.

नाटकांचे दुखणे याहून खोल आहे. जेलीफिन माहिती आणतो ती मुख्यतः टीएमडीबी या इंटरनेटवरच्या चित्रपट-कोशावरून, आणि मराठी नाटकांची चित्रित रूपे तिथे क्वचितच असतात. मग स्कॅनर त्या नावाशी जुळणारा कुठला तरी भलताच चित्रपट पकडतो. व्यंकटेशाच्या नावाने सुरू होणाऱ्या नाटकावर तेलुगू मारामारीचे पोस्टर चढले तर त्यात स्कॅनरचा दोष नाही. नाटकांची लायब्ररीच वेगळी करावी, प्रकार ‘चित्रपट’ ठेवावा आणि माहिती आणणाऱ्या इंटरनेटवरच्या सगळ्या स्रोतांवरची खूण काढावी. ‘एनएफओ’ (माहितीची फाइल) जतन करण्याची खूण मात्र लावावी आणि चित्रे त्याच फोल्डरात ठेवण्याचा पर्याय निवडावा. नाटक, लेखक, दिग्दर्शक, कलाकार, प्रयोगाचे वर्ष एकदा हाताने भरले की ते फाइलशेजारी साध्या मजकुराच्या फाइलीत राहते. कोडी हा दुसरा प्लेअर ती वाचतो, एम्बी वाचतो. उद्या जेलीफिनही सोडावासा वाटला तरी भरलेली माहिती हातची जात नाही. एनएफओ लिहायला डिस्कवर लेखनाची परवानगी लागते, म्हणून ती महिन्यानंतर, घडी बसल्यावर द्यावी. घरच्या इतर खात्यांना फाइल पुसण्याचा अधिकार मात्र कधीच देऊ नये.

व्हीसीडीवरची ‘डॅट’ फाइल लिनक्सवर नेहमीसारखी कॉपी करायला गेलात तर वाचनाची चूक येते आणि तबकडी खराब झाली असे वाटते. खरे कारण तिच्यावरच्या विभागांची रचना. साध्या सीडीच्या विभागात २०४८ बाइट असतात, व्हीसीडीच्या व्हिडिओ विभागात २३२४. ‘व्हीसीडीइमेजर’ या पॅकेजमधले ‘व्हीसीडीएक्सरिप’ ती बरोबर उतरवते. नाटक दोन-तीन तबकड्यांवर असेल तर त्या एमपीईजी फाइली एमकेव्हीटूलनिक्स या साधनात एकामागे एक जोडून एकच एमकेव्ही फाइल करावी. दर्जा तसूभरही जात नाही, कारण पुन्हा एन्कोडिंग होतच नाही. चित्र ३५२ बाय २८८ चे आहे. ते फुगवून १०८० चे केल्याने नटाचा चेहरा स्पष्ट होत नाही, फाइल तेवढी सुजते. व्हीसीडीला कुलूप (कॉपी अडवणारी सोय) नसते, डीव्हीडीला बहुधा असते. कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ खाजगी वापरासाठी रास्त सवलत देते, तर कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडण्याबद्दल शिक्षा सांगते. तबकडी आपली असावी आणि प्रत घरातच राहावी, हे सांभाळावे.

सबटायटलची फाइल व्हिडिओच्याच नावाची हवी, शेवटी भाषेचा संकेत ‘एमआर’ आणि मग ‘एसआरटी’. ती यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याचा प्रकार) मध्ये जतन केलेली असावी. डीटीपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असेल तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावे, नाहीतर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसले तर फाइल बरी आहे, फाँट नाही. काही वेळा सबटायटल चित्रावर छापून पाठवण्याचे काम सर्व्हर करतो, तेव्हा देवनागरी फाँटही सर्व्हरवरच लागतो. डेबियन या लिनक्सवर ‘फाँट्स-नोटो-कोअर’ हे पॅकेज घालावे. ब्राउझरसाठी प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये पर्यायी फाँटचा फोल्डर देण्याची सोय आहे, तिथे नोटो देवनागरीची एक फाइल पुरते.

चित्र अडखळू लागले की इंटरनेटला दोष देण्याची सवय आहे. घरातल्या घरात इंटरनेटचा संबंधच नसतो. अडखळत असतानाच जेलीफिनचा डॅशबोर्ड (नियंत्रणाचे पान) उघडून पाहावा. फाइल थेट जाते आहे की ट्रान्सकोड होते आहे, आणि होत असेल तर का, हे तिथे लिहिलेले असते. ब्राउझरला डीटीएस या प्रकारचा आवाज कळत नाही. ब्लू-रेवरची सबटायटले चित्ररूप असतात, ती छापायला पूर्ण व्हिडिओ नव्याने बनवावा लागतो. कधी ॲपमध्येच वेगमर्यादा कमी ठेवलेली असते. ट्रान्सकोडिंग टळत नसेल तर सेटिंगमध्ये क्विक सिंक (इंटेलच्या चिपची व्हिडिओ बदलण्याची सोय) निवडावे आणि जेलीफिनला ‘रेंडर’ गटात, म्हणजे ती चिप वापरता येणाऱ्यांत, घालावे. डॉकर (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवण्याची पद्धत) वापरणाऱ्यांनी ग्राफिक्सचे उपकरण आत द्यावे आणि गटाचा क्रमांकही द्यावा. क्रमांक विसरला की जेलीफिनला ती चिप वापरता येत नाही. एचडीआर (जास्त उजेड-रंगांचे) चित्रपट धुतल्यासारखे फिके दिसत असतील तर सेटिंगमध्ये टोन मॅपिंग (ते रंग साध्या पडद्याला जुळवणे) सुरू आहे का आणि त्यासाठीचे इंटेलचे ओपनसीएल पॅकेज घातले आहे का ते पाहावे. आणि एक गंमत: अनेक महागड्या टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो. ४के ब्लू-रेची मूळ फाइल मधूनच त्याच्या वर उसळी घेते, म्हणून तिथे वायरपेक्षा ५ गिगाहर्ट्‌झचे वायफाय बरे चालते.

परदेशातल्या मुलांना हे दाखवायचे असेल तर राउटरमध्ये बाहेरचा आयपी पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे (एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्याची इंटरनेट कंपनीची पद्धत) आहात, आणि पोर्ट उघडण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. तो सार्वजनिक असला तरी ८०९६ थेट जगाला उघडा करू नये. टेलस्केल (यंत्रांमध्ये खाजगी जोडणी करणारे ॲप) दोन्ही टोकांना बसवले की काम होते. त्याच्या ॲपचा बराचसा कोड खुला आहे, पण जोडणी जुळवणारा सर्व्हर कंपनीचा आहे. तेही नको असेल तर हेडस्केल (तोच जुळवणारा सर्व्हर आपल्या यंत्रावर) किंवा भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर वायरगार्ड (खाजगी जोडणीचेच सॉफ्टवेअर). डॅशबोर्डमध्ये बाहेरच्या प्रेक्षकांसाठी ४ ते ८ एमबीपीएसची मर्यादा घालावी. घरच्या जोडणीचा अपलोड वेग एका वेळी किती जणांना पुरेल, ते त्यावरून काढता येते.

राहिली वीज. यूपीएस घेताना मागे यूएसबी पोर्ट आहे का ते बघावे. नसेल तर बॅटरी संपत आल्याचे सर्व्हरला कळण्याचा बहुधा मार्ग नसतो. असेल तर ‘नट’ नावाची सेवा यंत्र वेळेवर नीट बंद करते. जेलीफिनचा डेटाबेस एसक्यूलाइटचा (एकाच फाइलीत राहणारा) आहे, लिहिता लिहिता वीज गेली तर तो बिघडू शकतो. आवृत्ती बदलतानाही तीच काळजी. ऑक्टोबर २०२५ मधल्या १०.११ या आवृत्तीमध्ये डेटाबेसची रचनाच बदलली. मोठ्या संग्रहावर ते रूपांतर बराच वेळ चालते आणि त्यानंतर मागच्या आवृत्तीवर परतता येत नाही. लोक ‘अडकले’ समजून मध्येच यंत्र बंद करतात आणि मग खरोखर अडकतात. आधी सेवा थांबवून सेटिंगचा आणि डेटाचा असे दोन्ही फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवावेत, मग अपडेट सुरू करून रात्रभर तसेच सोडावे.

आपला,
एक वाचक, ठाणे