निळी डबी इथंच राहिली

गुड्डू,

पत्र एवढ्यासाठी की फोनवर मला आता नीट ऐकू येत नाही, आणि आपण फोनवर बोललो की भांडणच होते. काल तुझ्या खोलीतला दिवाण सरकवला तर मागे ती निळी डबी सापडली, कानात घालायच्या बुचांची. वरचा कागद पण फाडला नाही तू. बरं, जाऊ दे. कानाचं काही लिहिणार नाही असं तुझ्या आईला कबूल केलंय.

घरी सगळं ठीक. परवा वावरात सीतादहीची पूजा करून वेचणी सुरू केली, वरच्या वावरातला कापूस चांगला फुटलाय, खालच्यात पाणी साचलं होतं त्याचं काही खरं नाही. आजी रोज विचारते पोरगं जेवलं का.

फक्त एक. रविवारी तू आईला सहज बोलून गेला ना, की शनिवारच्या प्रोग्रामपासून कानात शिट्टी वाजते, झोपून उठलं की जाते. तिनं भाजी निवडता निवडता मला सांगितलं आणि माझे हातपाय गळाले. माझी पण जायची रे. कितीतरी वर्षं जायची. मग एका रात्री अंगणात बाज टाकून बसलो होतो, आई म्हणाली आज रातकिडे किती ओरडून राहिले, मी म्हणलो कुठं? तिला वाटलं गंमत करतो. मला बाहेरचा एक पण ऐकू येत नव्हता, डाव्या कानातला तेवढा चालू होता. तो अजून चालूच आहे, हे लिहितानाही.

झालं, पुन्हा तेच लिहून बसलो. सोड.

जायच्या दिवशी माझ्या गिटारच्या स्पीकर-बॉक्सला तू म्हणला, ते डबडं भंगारात द्या, जागा अडवते. राग आला होता, आता नाही. पण ते कसं झालं ते तुला माहीत असावं म्हणून सांगतो. 1994 साली तालुक्याला टुरिंग टॉकीज बंद पडली, तिचा पंधरा इंची स्पीकर मी दोन पोते ज्वारीच्या पैशात घेतला. मामानं पाऊण इंची प्लाय यवतमाळहून एसटीच्या टपावर टाकून आणली. नुसता स्पीकर उघडा वाजवला तर बेस येतच नाही, मागून निघालेला आवाज पुढच्याला खाऊन टाकतो, म्हणून पेटी पाहिजे, आणि पेटी पण हवाबंद, फक्त ठरवलेल्या भोकातूनच हवा ये-जा करणार. ते भोक म्हणजे विहिरीच्या पाइपलाइनचा उरलेला चार इंची तुकडा. मुद्दाम लांब ठेवला, कारण पाइप जितका लांब तितका सूर खाली उतरते, मग मी वाजवायचो आणि मामा करवतीनं अर्धा अर्धा इंच कापायचा, कापलेलं परत जोडता येत नाही म्हणून दोघंही घाबरून. सांध्यांजवळ उदबत्ती धरून पाहायचो, धूर थरथरला की तिथं हवा फुटते, मग फेविकॉलमध्ये लाकडाचा भुसा कालवून भरायचा. आतून घरचाच कापूस लावला, सरकी काढून. आबा म्हणाले, कापूस विकाले असते का डब्ब्यात कोंबाले? पण रात्री पहिल्यांदा गिटारची जाड तार छेडली तेव्हा ओसरीवरच्या कळशीतलं पाणी हललं, आणि आबाच उठून पाहायला आले.

गिटार कलकत्त्याची, दुसऱ्याची वापरलेली, नागपूरहून आणली. नवा तारांचा सेट परवडत नव्हता, म्हणून जुन्याच तारा आईच्या स्वयंपाकाच्या गंजात उकळून घ्यायचो, घामाचा मळ निघाला की पुन्हा आठ-दहा प्रोग्राम चमकायच्या. त्या गंजात तिनं परत कधी वरण लावलं नाही. 14 एप्रिलला एका रात्रीत दोन गावं करायचो, बॉक्स ट्रॅक्टरवर, आम्ही बॉक्सवर. स्टेजवर माझी जागा ठरलेली, उजवीकडे गायक, डाव्या कानाशी ड्रमची झांज आणि मागून बॉक्स. कोणी सांगणारं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं हेही खरं.

तुला सांगणारा आहे ना पण! नागपूरच्या डॉक्टरांनी मला कान तपासल्याचा कागद काढून दाखवला, ऐकण्याची रेघ सरळ जाते आणि 4000 हर्ट्झच्या बारीक सुरावर दरीसारखी खाली पडते. कानातले ते बारीक केस एकदा मेले की परत उगवत नाहीत म्हणाले. 85 डेसिबल आठ तास चालते, पुढे दर 3 वाढले की वेळ निम्मा, म्हणजे 100 वर फक्त 15 मिनिटं. तुमच्या डीजेच्या भिंतीसमोर तू किती तास उभा राहतो ते मी विचारत नाही. ब्रेक झाला की लांब जाऊन बसत जा. आणि कानात मोबाइलचं गाणं घालून झोपू नको, आणि रात्री उशिरा... बरं, पुरे. लेक्चर झालं. माफ कर. तू कमावतो आहे, चांगला वाजवतो आहे, मागच्या महिन्याच्या व्हिडिओत तुझा डावा हात पाहिला, इतकी सफाई माझ्या हातात कधी नव्हती. मामाला पण पाठवला, पानठेल्यावर चार जणांना दाखवला.

या पत्राचं खरं कारण वेगळंच आहे, ते आईला पण सांगितलं नाही. तू दीड वर्षाचा होता, रात्री रडायचा. मी तुला घेऊन बॉक्सला टेकून बसायचो, मशीन बारीक करून ती जाड तार हळू वाजवत राहायचो, आणि तुझा गाल त्या जाळीला लावून ठेवायचो. पाच मिनिटांत झोपायचा. सगळे म्हणायचे, पाहा, बापाचा पोरगा. मी पण सांगत फिरलो. इतक्या बारीक आवाजानं काही होत नाही हे मला कळते. तरी तुझा कान स्पीकरला पहिल्यांदा मीच लावला, हे रविवारपासून डोक्यातून जात नाही.

उद्या पार्सल टाकतो. जवसाची चटणी, ठेचा, आजीचे शेवेचे लाडू, आणि डबी सगळ्यात वर ठेवली आहे. वापरलं की नाही सांगू नको, फक्त शिट्टी थांबली का तेवढं आईला कळव.

बॉक्स भंगारात दिला नाही. काल मागची फळी उघडली, कापूस पिवळा पडलाय, एका कोपऱ्यात उंदरानं ओढलाय. दिवाळीत आला की दोघं मिळून नवा भरू, वरच्या वावरातला थोडा बाजूला काढून ठेवतो.

बाबा