चि. निखिलला, नव्या नोकरीबद्दल

चि. निखिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू सांगितलेस की टीव्हीसाठी जंगलात चाललेल्या तुमच्या स्पर्धेत उपाशी ठेवलेली एक मुलगी चालता चालता भोवळ येऊन पडली, कॅमेरा सुरूच राहिला आणि आता तोच तुकडा तुला जाहिरातीसाठी कापायचा आहे. डॉक्टर नंतर आले, ती बरी आहे, हेही तू सांगितलेस. आई शेजारी बसली होती म्हणून मी काही बोललो नाही. पण तेव्हापासून एकच प्रश्न मनात घोळतो आहे, की तिथे ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

तू पाहायला सांगितलेला डॅनियल मिनाहान यांचा २००१ सालचा अमेरिकी चित्रपट, ‘सिरीज सेव्हन : द कन्टेन्डर्स’, राजूच्या लॅपटॉपवर पाहिला. सगळे इंग्रजी समजले नाही, तरी गोष्ट कळली. सोडतीत नाव निघालेल्या साध्या माणसांच्या हाती बंदूक द्यायची, एकच जिवंत उरेपर्यंत त्यांनी एकमेकांना मारायचे आणि लोकांनी ते घरी बसून पाहायचे. डॉन नावाची आधीची विजेती आठ महिन्यांची गरोदर आहे. हा उपहास आहे, हसू येईल, असे तू म्हणाला होतास. मला मात्र त्या खेळातल्या अठरा वर्षांच्या लिंडसेचे आईबाप डोळ्यांसमोरून हलत नाहीत. परीक्षेच्या केंद्रावर सोडायला निघावे तशा उत्साहाने ते लेकीची तयारी करून देतात. धामणगावच्या स्टेशनवर तुझी बॅग डब्यात चढवताना माझाही ऊर भरून आला होता.

संपूर्ण चित्रपट दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमासारखाच मांडला आहे. निवेदकाचा आवाज सतत ऐकू येतो, पण खेळ चालवणारे कधी समोर येत नाहीत. शेवटच्या प्रसंगाचे खरे चित्रण हाती नाही म्हणून तो नटांकडून पुन्हा करून दाखवतात. तिथे मी लॅपटॉप थांबवला.

मधुकाका गेला त्या वेळचे तुला कितपत आठवते, मला ठाऊक नाही. २००६ च्या जुलैत पंतप्रधान विदर्भात येऊन शेतकऱ्यांच्या आत्महत्या होत असलेल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर करून गेले, आणि त्या हंगामात गावोगाव कॅमेरे फिरत होते. ते आपल्या छपरीतही आले. सुमनकाकू रडली, पण उजेड कमी पडला म्हणून तिला पुन्हा आत जाऊन, फोटो हातात घेऊन उंबरठ्यावर येऊन बसायला सांगितले. नंतर आणखी एकदा. तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी येईना. तू दुसरीत होतास. तिच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून पांढऱ्या थर्माकोलचा तक्ता त्यांनी तुझ्या हाती दिला होता आणि तू तो छातीशी धरून जराही न हलता उभा होतास. त्या माणसाने तुझी पाठ थोपटली. शेवटी मोठीआई उठली, ‘पुरे झालं न बाप्पा’ म्हणाली आणि तिने दाराची कडी लावून घेतली. तुमच्या जंगलात असे कोण आहे?

त्या मुलीने करारावर सही केली आहे, हे तुझे उत्तर मला पुरत नाही. तूच सांगितले होतेस की १९७० मध्ये जर्मन दूरचित्रवाणीवर माणसाच्या शिकारीच्या खेळाचा ‘दास मिलिओनेनश्पील’ हा काल्पनिक चित्रपट दाखवला, तेव्हा काही लोकांनी तो खरा समजून फोन केले. कोणी जीव वाचवत पळायला तयार होते, कोणी शिकारी व्हायला. बक्षीस दहा लाख मार्कांचे होते. गरजवंत माणूस कशावरही सही करतो, निखिल. सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठे देणारी माणसे आपल्या गावातच होती, आणि ती मूर्ख नव्हती. पोटासाठी केलेली सही दाखवून समोरच्याला आपली जबाबदारी झटकता येत नाही, हे शिकल्यासवरल्या माणसाला कळलेच पाहिजे.

हे व्याख्यान झाले. इतकी वर्षे वर्गात बोललो, सवय जात नाही. राग मानू नकोस. नोकरी सोड असे मी म्हणत नाही. तू पाठवलेल्या पैशांतून वरच्या वावरातली मोटर दुरुस्त झाली, आक्काची फी भरली गेली, आणि गावात मी सगळ्यांना सांगत असतो की टीव्हीवर शेवटी नावांची पाटी येते तिच्यात निखिलचेही नाव असते. ते नाव त्या मुलीच्या पडण्याखाली येईल, ही धास्ती मात्र जात नाही. कापसाची पहिली वेचणी झाली. आईचा गुडघा तसाच आहे.

उत्तर फोनवर देऊ नकोस, लिहून पाठव. ती मुलगी पुन्हा खेळात उतरली आहे का, आणि तिला बाहेर काढायचे झाले तर कोणाचा शब्द चालतो, हे तुझ्या वरिष्ठांना विचार आणि मला कळव. तो तुकडा जसाच्या तसा जाऊ नये म्हणून तुला काही बोलता येते का, तेही कळव.

तुझा,
बाबा