अंधार पडायच्या आत

पुणे, ११ ऑगस्ट २०२४

चि. बंटीस,
अनेक आशीर्वाद.

बुधवारी तू फोन आपटलास. दंग्यांविरुद्धच्या त्या निदर्शनाला "नको जाऊस" एवढंच मी म्हटलं होतं. तुझा मेसेज आला तेव्हा इथे रात्रीचे अडीच वाजले होते, 'पोचलो' एवढा एकच शब्द. तोवर मी तीनदा उठून पाणी प्यायले.

पुन्हा तेच सांगायला लिहीत नाहीये. तिकडे इंग्लंडात साउथपोर्टच्या त्या तीन चिमुरड्या चाकूहल्ल्यात गेल्या आणि त्यांच्या नावावर गावोगाव बाहेरून आलेल्यांविरुद्ध दंगे झाले, ४ तारखेला आपल्या बोल्टनमध्येही. तेव्हापासून डीन रोडजवळचं आपलं दुकान डोळ्यांपुढून हलत नाही. तू फक्त अंधार पडायच्या आत घरी येत जा. बघ, आलंच ते.

तुला दुकान म्हटलं की गोळ्यांच्या बरण्या आठवतात. मला डुकराचं हॅम कापायचं यंत्र आठवतं. १९८० मध्ये तिथली गिरणी बंद पडली. लालबागेत काय नि बोल्टनला काय, ह्यांना गिरणीशिवाय दुसरं काही ठाऊक नव्हतं. हातात आलेल्या पैशांत कोपऱ्यावरचं दुकान घेतलं. पहिल्याच सकाळी एक गिऱ्हाईक म्हणालं, पाव पौंड हॅम, पातळ काप, लव्ह. मी माळकऱ्याची लेक. गळ्यातली माळ ब्लाउजच्या आत सारली आणि पातं फिरवलं. पहिला काप चपलेच्या तळाएवढा जाड निघाला. तो माणूस काही बोलला नाही, पैसे ठेवून "टा, लव्ह" असे आभार मानले नि गेला. महिन्याभरात माझा काप उजेडाला धरला तर पलीकडचं दिसायचं. अण्णांना हे मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

सहा नंबरच्या घरातल्या आजी आठवतात? जन्म मागावर गेलेला, कान पार गेलेले. गिरणीतल्या बाया यंत्रांच्या आवाजात ओठ वाचायला शिकायच्या, तशा त्याही शिकलेल्या. माझं मोडकं इंग्रजी सगळ्या गल्लीत आधी त्यांनाच समजलं, कारण त्या माझे उच्चार ऐकतच नव्हत्या. रविवारी ताजी भाजी विकायला परवानगी, डब्यातले वाटाणे विकायला बंदी, असा तेव्हा कायदा होता. तो १९९४ ला बदलला. आजींना रविवारीच डबा हवा असायचा. त्या डबा न्यायच्या आणि पैसे सोमवारी आणून द्यायच्या.

८१ च्या जुलैत वीट आली ती रात्रीची. तू वर झोपला होतास, पाच वर्षांचा. काच फुटून गोळ्यांच्या बरण्यांवर पडली. टॉफीत काचेचे बारीक कण चिकटलेले, हाताला लागल्यावरच कळायचे. हे तसेच अनवाणी त्या पोरांच्या मागे धावले, अंधारात. दोन तास आले नाहीत. बंटी, त्या दोन तासांत मी काय काय पाहिलं ते ह्यांनाही कधी सांगितलं नाही. आले तेव्हा पायातून रक्त येत होतं, बाकी काही नाही. मीच ओरडले त्यांच्यावर.

पहाटे पाचला पेपरचे गठ्ठे आले, त्यांच्या मागोमाग आजी, रात्रीच्या झग्यावर कोट, हातात घरचा झाडू. एक शब्द न बोलता सगळी काच लोटली. मग नेहमीसारखा पेपर घेतला, नाणं गल्ल्यावर ठेवलं. मी पैसे नको म्हणून खूण केली, तर माझा हात बाजूला सारला.

म्हणूनच तू बुधवारी कुठे उभा राहायला गेला होतास ते मला समजतं. तुझ्या फोटोत शेजारी पांढऱ्या केसांची एक बाई होती, हातात पुठ्ठ्याचा फलक. ती मला फार ओळखीची वाटली. शेजारच्या कुलकर्णीबाईंना फोटो दाखवला मी, हा माझा मुलगा म्हणून. तरीही सांगते, घोळक्याच्या कडेला उभं राहायचं, मध्ये नाही. गाडी लांब लावायची नाही. पोलिसांशी हुज्जत नको. छकुलीला बरोबर तर मुळीच न्यायचं नाही. तू अठ्ठेचाळीस वर्षांचा आहेस, शाळेत दुसऱ्यांच्या मुलांना सांभाळतोस, आणि मी तुला गाडी कुठे लावायची ते शिकवतेय. चुकलं माझं.

आता दिवस मोठे आहेत म्हणून बरं. डिसेंबरात तिथे चारलाच अंधार पडतो, मग मी काय म्हणणार आहे कोण जाणे.

उधारीची वही मागितली होतीस ना, ती सापडली. सहा नंबरच्या पानावर शेवटचे बावीस पेन्स राहिलेत. आजी त्याच आठवड्यात गेल्या, मग ते मी कधी खोडलं नाही. तूही खोडू नकोस.

पुढच्या वेळी जाशील तेव्हा निघतानाही मेसेज टाक, पोचल्यावरही. इथे कितीही वाजलेले असू देत, मी जागीच असते.

तुझी,
आई